गोदा-प्रवरेच्या काठाने सात दिवस
(नभोवाणीवरील भाषण)

इतिहासाची सहल म्हटली म्हणजे आपल्या सुशिक्षित कुटुंबांच्या डोळ्यांपुढे प्रथम किल्ला उभा राहतो. रायगड, राजगड, सिंहगड ह्यांची नावे उच्चारताच मुलांचे चेहरे उजळतात, आणि तसे होणे योग्यच आहे. परंतु किल्ल्याच्या तटावर उभे राहून खाली पाहिले म्हणजे जो सपाट मुलूख दूरवर पसरलेला दिसतो, त्याच्याकडे आपण केवळ देखावा म्हणून पाहतो आणि गड उतरतो. गडावरील शिबंदी ज्या धान्यावर जगली ते धान्य ह्याच सपाटीत पिकले. ज्या चौथ-सरदेशमुखीसाठी फौजा धावल्या तो वसूल ह्याच काळ्या जमिनीतून निघाला. आणि ज्या ग्रंथांनी मराठी भाषेस भाषापण दिले त्यांतील पहिला मोठा ग्रंथ डोंगरावर नव्हे, नदीकाठच्या एका सपाट गावी सांगितला गेला. असे असूनही ह्या मुलखाची सहल कोणी मुद्दाम आखीत नाही. ती आखावी, आणि सायकलवरून आखावी, असे सुचविण्यासाठी मी आज आपल्यापुढे बोलत आहे.

प्रवासाचा आरंभ आणि शेवट बेलापूर येथे धरला आहे. मुंबईजवळच्या बेलापुराशी ह्याचा घोटाळा करू नये. हे बेलापूर प्रवरेच्या काठी, अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा बेलापूरचे स्थानक गावापासून काही अंतरावर पडले. पुढे कालव्यांचे पाणी आले, ऊस आला, आणि स्थानकाभोवती श्रीरामपूर हे मोठे बाजाराचे शहर वाढले. मूळ गाव मागे राहिले, पण स्थानकास नाव बेलापूरचेच लागले. एका गावाचे नाव आणि दुसऱ्या गावाची भरभराट, असा हा प्रकार आहे. गावांचे नशीब रस्त्यांनी आणि पाण्याने कसे बदलते, ह्याचा पहिला धडा प्रवासी गाडीतून उतरतो तेथेच मिळतो.

वाट अशी आहे. बेलापुराहून प्रवरेच्या ओघाबरोबर पूर्वेस नेवासे, तेथून प्रवरा आणि गोदावरी ह्यांचा संगम, मग पैठण, तेथून गोदावरीच्या उत्तर अंगाने पश्चिमेस गंगापूर, पालखेड, वैजापूर, पुढे कोपरगाव, पुणतांबे आणि पुन्हा बेलापूर. सर्व मिळून सव्वातीनशे ते साडेतीनशे किलोमीटरांचा फेरा होतो. वाटेत एकही घाट नाही. ओढ्यानाल्यांचे उतार आणि चढ तेवढे लागतात. सामान्य प्रकृतीच्या तरुणास, किंबहुना पन्नाशीच्या गृहस्थासही, रोज साठ किलोमीटर सायकल मारणे येथे जड जाऊ नये.

सायकलच कशासाठी, असे कोणी विचारील. मोटारीत बसून हा फेरा दोन दिवसांत आटोपेल. पण मोटारीतून गावे दिसतात, त्यांच्यामधील अंतर कळत नाही. आणि सपाट मुलखाचा इतिहास मुख्यत्वे ह्या अंतरांचाच इतिहास आहे. एका मुक्कामाहून निघून दुसऱ्या मुक्कामास दिवस मावळण्यापूर्वी पोहोचता आले पाहिजे, वाटेत जनावरांना पाणी मिळाले पाहिजे, नदीला उतार सापडला पाहिजे. ह्या तीन गरजांवर आमची जुनी गावे वसली. पायी चालणाऱ्यास हे सर्व उत्तम समजते, पण त्याला महिना हवा. सायकलस्वारास आठवडा पुरतो. १९२३ साली मुंबईतील सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, आणि त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ साली परत आले. त्यांच्या धाडसापुढे आपला आठवडा म्हणजे अंगणातली फेरी होय. पण ज्याला जगाची फेरी घडणार नाही त्याने निदान आपले अंगण तरी नीट पाहावे.

तयारीविषयी थोडे. काळ मार्गशीर्ष-पौषाचा उत्तम. पावसाळ्यात ह्या बाजूस येऊच नये. काळ्या रानातील चिखल चाक आणि मडगार्ड ह्यांच्यामध्ये असा घट्ट बसतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. हिवाळ्यात तो त्रास नाही, मात्र उसाच्या गाड्यांचा आहे. कारखाने चालू असतात, आणि बैलगाड्या व ट्रॅक्टर उसाने लादून रस्त्याने चालतात. म्हणून पहाटे लवकर निघावे, ऊन चढण्यापूर्वी निम्मी वाट संपवावी आणि अंधार पडल्यावर सायकल चालवू नये. बाभळीचे काटे येथे फार. दोन जादा ट्यूब, पंप, पाने, ठिगळे आणि सोल्यूशनची नळी एवढे जवळ असावे. मोठ्या गावी सायकलीचे दुकान सापडेल, पण पंक्चर मोठ्या गावी होतेच असे नाही. चौघांहून अधिक मंडळी नसावी. पाणी भरपूर, कपडे थोडे, आणि एक वही व पेन्सिल. वहीत रोज तीन गोष्टी लिहाव्या: आज कोणती नदी वा ओढा ओलांडला, शेतात काय उभे होते, आणि विहिरीचे पाणी किती खोल होते. ह्याचे कारण पुढे सांगेन.

पहिला दिवस. बेलापुराहून थोड्याच अंतरावर, प्रवरेच्या डाव्या तीरी, दायमाबाद म्हणून एक ओसाड गावठाण आहे. १९५८ साली पुराणवस्तुसंशोधकांचे लक्ष तिकडे गेले. म. ना. देशपांडे, एस. आर. राव आणि शां. अ. साळी ह्यांच्या देखरेखीखाली १९५८ ते १९७९ ह्या काळात तेथे तीन वेळा उत्खनने झाली. त्यांतून निष्पन्न झाले ते असे की, इसवी सनापूर्वी दोन हजार वर्षांच्याही आधीपासून सुमारे एक हजार वर्षांपर्यंत येथे एकावर एक अशा पाच संस्कृतींची वस्ती होती. त्यांतील एक सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळातील असून तिच्या थरांत सिंधू लिपीची अक्षरे असलेल्या मातीच्या मुद्रा निघाल्या. मोहेंजोदडोचे नाव क्रमिक पुस्तकात पाठ करणाऱ्या आपल्या मुलांस, त्या लिपीची खूण श्रीरामपूर तालुक्यात सापडली आहे, हे सहसा ठाऊक नसते.

ह्याहून नवलाची गोष्ट १९७४ साली घडली. एका भिल्ल शेतकऱ्यास झुडपाचे मूळ खणताना जमिनीत धातूच्या चार वस्तू लागल्या. त्या होत्या हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैल जोडलेला रथ. सर्वांचे वजन मिळून साठ किलोंच्या वर भरले. रथ सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर लांब आहे. त्याला दोन बैल जुंपलेले असून मागे एक पुरुष उभा आहे. ह्या वस्तूंचा काळ नेमका कोणता, ह्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु चाकावर उभा राहून वाट कापणाऱ्या माणसाची इतकी सुरेख मूर्ती ह्या काठी सापडावी, आणि आपण चाकावर बसून तेथे जावे, हा योग ज्याच्या मनास स्पर्श करणार नाही त्याने सायकल घरीच ठेवावी.

एक सूचना येथे आवर्जून करतो. अशा ठिकाणी पायांखाली खापरांचे तुकडे दिसतात. ते पाहावेत, हातांत घ्यावेत, आणि होते तेथेच ठेवावेत. पुराणस्थळांच्या रक्षणासाठी १९५८ चा कायदा आहे, पण कायद्यापेक्षाही एक साधी गोष्ट ध्यानात ठेवावी: जागेवरचे खापर पुराव्याचे असते, आणि आपल्या दिवाणखान्यातले खापर केवळ खापर असते.

दायमाबाद पाहून संध्याकाळपर्यंत नेवाशास पोहोचावे. दिवसाची मजल सुमारे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर.

दुसरा दिवस नेवाशाचा. ह्या गावाचे नाव घेताच ज्ञानेश्वरी आठवते. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, येथे ज्ञानदेवांनी गीतेवरील टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेव बसत असत असे परंपरा सांगते, तो पैसाचा खांब येथे आहे. भाविकाने त्याला नमस्कार करावा. इतिहासाच्या अभ्यासकाने नमस्कार करून त्यावरील लेखही पाहावा. करवीरेश्वराच्या देवळातील अखंड दिव्याच्या तेलाकरिता दिलेल्या दानाचा तो लेख आहे. जेथे शब्दांचा दिवा लागला तेथील दगडावर तेलाच्या दिव्याची नोंद असावी, हे किती समर्पक! गावातील मोहिनीराजाचे मंदिर बरेच अलीकडचे, म्हणजे अठराव्या शतकातील आहे. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड ह्यांनी ते बांधविले. त्याचे कोरीव काम सावकाश पाहण्याजोगे आहे.

परंतु नेवाशाचा इतिहास ज्ञानदेवांपासून सुरू होत नाही. १९५४ ते १९५६ ह्या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातर्फे डॉ. हसमुख सांकळिया व त्यांचे सहकारी ह्यांनी येथील लाडमोड टेकाडावर उत्खनन केले. प्रवरेच्या काठच्या दगडगोट्यांत अश्मयुगीन माणसाची हत्यारे सापडली. पुराणाश्मयुगाच्या मधल्या टप्प्यातील हत्यारांना नेवाशावरून नाव पडले, आणि ते संशोधकांत रूढ झाले. त्यावरच्या काळातील घरे, रंगविलेली तांबडी भांडी आणि मातीच्या रांजणांत पुरलेली लहान मुले सापडली. त्यांवर सातवाहनकाळातील वस्ती, तीत रोमन व्यापाराच्या खुणा. आणि सर्वांवर मुसलमानी व मराठी अमलाचे थर. एकाच टेकाडात माणसाची एवढी वंशावळ सापडणे ही थोडी गोष्ट नव्हे.

येथे एक प्रश्न मनाशी धरावा. दायमाबाद आणि नेवासे येथील ती ताम्रपाषाणयुगीन वस्ती इसवी सनापूर्वी हजार वर्षांच्या सुमारास उठून गेली. गावे जळाली नाहीत की कोणा शत्रूने कापून काढली नाहीत. पाऊसमान घटले, शेती पुरेना, आणि लोक घरे सोडून गेले, असे बहुतेक संशोधकांचे अनुमान आहे. नेवासे पुढे कित्येक शतकांनी पुन्हा वसले; दायमाबाद ओसाडच राहिले. सपाट मुलखास तट नसतो आणि दरी नसते. त्याचा एकच बुरूज असतो, तो म्हणजे पाणी. तो ढासळला की गाव पडले. वहीत विहिरीची खोली लिहिण्यास सांगितले ते ह्याकरिता.

त्याच दिवशी दुपारी प्रवरासंगम आणि टोके येथे जाऊन यावे. जाऊन येऊन तीस-पस्तीस किलोमीटर पडतात. सह्याद्रीत उगम पावलेली प्रवरा येथे गोदावरीस मिळते. संगमावर पेशवाईतील सिद्धेश्वराची देवळे आहेत. त्यांच्या दगडी भिंतींवरील मूर्ती पाहण्यास तासभर हवा. नदीचे पात्र मात्र कल्पनेपेक्षा रुंद दिसेल. पैठणच्या धरणाचा फुगवटा येथपर्यंत पोहोचतो. ज्या पाण्याच्या काठाने उद्या आपण जाणार, त्याचे शेपूट आज पाहून घ्यावे.

तिसरा दिवस सर्वांत सरळ वाटेचा. नेवाशाहून शेवगावमार्गे पैठण, सुमारे साठ-पासष्ट किलोमीटर. तूर, कापूस, ज्वारी आणि ऊस ह्यांच्यामधून रस्ता जातो. ज्ञानदेव आणि त्यांची भावंडे शुद्धिपत्रासाठी आळंदीहून पैठणास गेली आणि परतताना नेवाशास राहिली, अशी परंपरा आहे. ती मुले ज्या मुलखातून पायी चालली त्यातूनच आपण उलट दिशेने जात आहोत. नकाशावर हे अंतर बोटभर आहे. पायांनी ते मोजले म्हणजे, समाजाने नाकारलेल्या चार पोरक्या मुलांनी हा मार्ग कोणत्या मनःस्थितीत तुडविला असेल, ह्याची थोडीशी कल्पना येते.

चौथा दिवस पैठणास मुक्काम. पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या प्रवासवर्णनात ह्या नगराचा उल्लेख आहे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजचे तेर, असे तो सांगतो. पैठणहून अकीकासारखे मौल्यवान दगड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदरास जात. भडोच ते पैठण हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी साडेतीनशे किलोमीटर भरते. त्यास वीस दिवस म्हणजे रोजची मजल पाच-सहा कोसांची झाली. आपण काल एका दिवसात जेवढे आलो तेवढ्यास त्या गाडीवानास तीन दिवस लागले असते. इतक्या मंद गतीने चालणारा व्यापार रोमपर्यंत पोहोचला होता, ही गोष्ट शांतपणे विचार करण्यासारखी आहे.

पैठण हे एकनाथांचे गाव. १५३३ ते १५९९ हा त्यांचा काळ. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद शिरले होते, ते तपासून नाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. नेवाशास सांगितलेला ग्रंथ तीनशे वर्षांनी पैठणास निर्मळ झाला. दोन गावांमधील पासष्ट किलोमीटरांस हा दुसरा अर्थ आहे. गोदावरीच्या तापलेल्या वाळूत पोळणाऱ्या अस्पृश्य मुलास नाथांनी कडेवर उचलून घेतल्याची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. जेथे एकेकाळी ज्ञानदेवांकडे शुद्धीचा दाखला मागितला गेला, त्याच गावी हे घडावे, ह्यात पैठणच्या इतिहासाचे सार आले. पैठणीच्या मागावरील विणकाम पाहावयास मिळाल्यास तेही सोडू नये.

सकाळी गावातील स्थळे पाहून मुंगी ह्या गावी जाऊन यावे. हे गोदाकाठचे गाव शेवगाव तालुक्यात आहे. १७२८ च्या मार्च महिन्याच्या ६ तारखेस थोरले बाजीराव आणि निजाम-उल्-मुल्क ह्यांच्यात झालेला तह मुंगी-शेवगावचा तह म्हणून प्रसिद्ध आहे. दक्षिणेच्या सहा सुभ्यांवरील चौथ आणि सरदेशमुखी ह्यांचा शाहू महाराजांचा हक्क निजामाला मान्य करावा लागला. तह कशामुळे झाला ते परवा, पालखेडच्या वाटेवर, पाहू.

संध्याकाळ धरणावर घालवावी. येथे मात्र मला थोडे थांबावयाचे आहे, कारण ह्या सबंध सफरीचे मर्म येथे आहे.

गोदावरीवरील ह्या धरणाचे नाव जायकवाडी. आरंभी ते बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळ व्हावयाचे होते. जागा बदलून पैठणला आली, तरी नाव राहिले. १९६५ साली लालबहादूर शास्त्री ह्यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी ह्यांच्या हस्ते उद्घाटन झाले. मातीचा हा बांध सुमारे दहा किलोमीटर लांब असून मागील नाथसागरात १०२ अब्ज घनफुटांच्या आसपास पाणी मावते. ह्या पाण्याखाली कित्येक गावे गेली आणि मराठवाड्यातील फार मोठे रान भिजले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीचा उच्चार करताना दुसरी विसरू नये.

आता आपण कोठून आलो ते आठवा. बेलापूर-श्रीरामपूरचा मुलूख प्रवरेच्या कालव्यांवर पोसला. १८७६-७७ आणि १८९९-१९०० ह्या वर्षांच्या दुष्काळांत नगर जिल्हा होरपळून निघाला होता. पुढे प्रवरेच्या उगमाकडे भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांनी पाणी खाली आले आणि जेथे ज्वारी कशीबशी होई तेथे ऊस उभा राहिला. पण तीच प्रवरा पुढे संगमावरून नाथसागरात येते. वरच्या धरणांत अडविलेले पाणी खाली किती सोडावे, ह्यावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा ह्यांच्यामध्ये वाद आहे. टंचाईच्या वर्षी तो फार तीव्र होतो. समन्यायी वाटपासाठी २००५ साली कायदा झाला, न्यायालयांत खटले चालले. वर्तमानपत्रांत आपण हे वाचतो आणि आपापल्या जिल्ह्याची बाजू घेतो.

बेलापूरचा तरुण आणि पैठणचा तरुण ह्यांनी एकमेकांची नदी पाहिलेली नसते. चार दिवस प्रवाहाबरोबर सायकल चालवीत आलेल्या माणसास मात्र एक गोष्ट सांगावी लागत नाही: वर आणि खाली ही दोन्ही एकाच नदीची नावे आहेत. वाद त्याने मिटणार नाही. तो मिटविण्यास हिशेब, कायदा आणि पाऊस तिन्ही हवेत. पण ज्याने वहीत वाटेवरील विहिरींचे पाणी टिपले आहे, तो निदान दुसऱ्याची तहान खोटी म्हणणार नाही. इतिहासाच्या अभ्यासाने एवढे साधले तरी पुष्कळ साधले.

पाचवा दिवस पैठण ते गंगापूर, साठ-पासष्ट किलोमीटर. ह्यात पाहण्याची स्थळे थोडी आणि चालवणे फार. जलाशयाच्या आसऱ्यास हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी येतात. १९८६ पासून हा परिसर पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून राखला आहे. पक्षिप्रेमींनी सकाळचा एक तास तेथे खर्च करावा. गंगापुरास लवकर पोहोचून विश्रांती घ्यावी, कारण उद्याची मजल मोठी आहे.

सहाव्या दिवशी गंगापुराहून थोडे उत्तरेस वळून पालखेड, तेथून वैजापूर, आणि संध्याकाळी कोपरगाव. सुमारे सत्तर ते पंचाहत्तर किलोमीटर. पालखेड येथे पाहावयास काय आहे, असे विचाराल तर मी म्हणेन, शेते. आणि तीच पाहावयाची आहेत. १७२७-२८ च्या मोहिमेत बाजीरावांनी निजामाशी समोरासमोर झुंज घेण्याचे टाळले. जालना, बऱ्हाणपूर, गुजरात अशी घोडदळाची धाव मारून त्यांनी निजामाचा मुलूख पेटता ठेवला. निजामाने पुणे घेतले, पण बाजीराव पुण्याच्या रक्षणास परतले नाहीत. त्यांनी त्याच्या मुलखावर रोख धरला. अखेर निजामास पुणे सोडून मागे धावावे लागले. जड तोफखाना वेगाने हालेना, म्हणून गोदावरी ओलांडताना तो मागे टाकला गेला. फेब्रुवारीच्या अखेरीस पालखेडजवळ त्याची फौज कोंडली गेली. धान्य तुटले, पाणी तुटले, आणि त्याने तहाची बोलणी लाविली. विसाव्या शतकातील ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी ह्यांनी आपल्या युद्धेतिहासात ह्या मोहिमेची मोठी वाखाणणी केली आहे.

शाळेच्या पुस्तकात ही लढाई दोन ओळींत आटोपते, आणि मुले विचारतात की रणांगणावर मोठी कत्तल झाली नाही, तर ही लढाई कसली? त्याचे उत्तर ह्या रानात मिळते. येथे लपण्यास डोंगर नाही, चढण्यास किल्ला नाही. पाणी कोणाच्या हाती आणि वेग कोणाजवळ, एवढाच प्रश्न होता. आपली पाण्याची बाटली दुपारी रिकामी झाली म्हणजे निजामाच्या छावणीची अडचण ग्रंथ न उघडता समजते.

कोपरगावास पोहोचल्यावर त्याच घराण्याची दुसरी बाजू पुढे येते. बाजीरावांचे पुत्र रघुनाथराव, ज्यांच्या मोहिमेत १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या, त्यांच्या आयुष्याची अखेर ह्या गावी झाली. १७७३ साली नारायणरावांचा खून झाला, त्याचा डाग राघोबांवर आला. इंग्रजांचा आश्रय घेऊन पेशवेपदासाठी केलेली धडपड १७८२ च्या सालबाईच्या तहाने संपली, आणि तनखा घेऊन ते कोपरगावी येऊन राहिले. ११ डिसेंबर १७८३ रोजी ते वारले. त्यांचा वाडा पाहावा, आणि गोदावरीच्या बेटातील शुक्राचार्यांचे देऊळही पाहावे. कच-देवयानीची कथा लोक ह्या जागेशी जोडतात. विद्या घेऊन परत जाणारा कच आणि राज्य न घेता परत आलेला राघोबा, असे दोन प्रवासी एकाच काठी भेटतात.

सातवा दिवस परतीचा. कोपरगावाहून पुणतांबे वीसएक किलोमीटर. येथे चांगदेवांची समाधी आहे. ज्ञानदेवांस पत्र काय लिहावे हे न सुचून कोरा कागद पाठविणारे, आणि उत्तरादाखल पासष्ट ओव्या मिळविणारे ते चांगदेव. गोदावरीवर अहिल्याबाई होळकरांनी बांधविलेला घाट आहे. जामखेड तालुक्यातील चौंडीस १७२५ साली जन्मलेल्या ह्या साध्वीचे नाव २०२४ साली आमच्या जिल्ह्यास मिळाले. प्रवाशांसाठी घाट आणि विहिरी बांधणाऱ्या राज्यकर्तीचे नाव पाण्यासाठी तहानलेल्या जिल्ह्यास शोभते. आणि ह्याच पुणतांब्याहून १ जून २०१७ रोजी शेतकऱ्यांच्या संपास आरंभ झाला. समाधी, घाट आणि संप ही तिन्ही एकाच गावची. सपाट मुलखाचा इतिहास अजून लिहून संपलेला नाही, हे ध्यानात येण्यास इतके पुरे. पुणतांब्याहून श्रीरामपूरमार्गे दुपारपर्यंत बेलापूर गाठता येते.

ज्यांच्याजवळ आणखी एक दिवस असेल त्यांनी कोपरगावाहून शिर्डी, लोणी आणि कोल्हार ह्या मार्गाने परतावे. लोणीस विठ्ठलराव विखे पाटील ह्यांच्या पुढाकाराने आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या साहाय्याने उभा राहिलेला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना आहे. १९५० साली त्याचे गाळप सुरू झाले. कालव्याचे पाणी आले म्हणजे त्याचा नफा कोणाच्या पदरी पडावा, ह्या प्रश्नास शेतकऱ्यांनी स्वतः दिलेले ते उत्तर होते. त्या उत्तराने पुढे कोणते नवे प्रश्न निर्माण केले, ह्याची चर्चा लोणीच्या वाटेवर सायकलीवरून उत्तम होते.

श्रोतेहो, ही योजना मी सांगितली ती जशीच्या तशी पाळावी असा आग्रह नाही. कोणास पैठणहून परत फिरावेसे वाटेल, कोणी नेवाशासच चार दिवस राहील. मात्र दोन गोष्टी सोडू नयेत. नदीच्या ओघाची दिशा सोडू नये, कारण तीच ह्या मुलखाची कालगणना आहे. आणि वही सोडू नये. घरी परतल्यावर ती मुलांच्या हाती द्यावी. त्यांनी त्या नोंदींवरून एक नकाशा काढावा: कोठे पाणी होते, कोठे नव्हते, आणि कोणते गाव त्यामुळे राहिले किंवा उठून गेले. येत्या हिवाळ्यात एखाद्या घराच्या भिंतीवर असा एक नकाशा लागला, तर आजचे हे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.